मागचं डावं फ्लेअर

त्या शनिवारी सकाळी साडेनऊला रंगाच्या शेडमध्ये काय काय होतं ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. दोन दारांची, उघड्या छताची, एकोणीसशे अडुसष्ट सालची विलायती स्पोर्ट्स कार, एक. तिच्या चार चाकांवर बसवलेली फायबरग्लासची फ्लेअर, चार. प्रत्येक फ्लेअरला चौदा याप्रमाणे छप्पन्न बोल्ट, सगळे पुट्टीखाली गेलेले. रंगाचे एक लिटरचे डबे तीन, हार्डनरचे छोटे डबे दोन, थिनरचा कॅन एक. स्प्रे गन दोन, त्यातली चालू एक. रबरी मास्क एक, त्याचे फिल्टर दोन, पाकीट फोडून चौदा महिने झालेले. तापमान एकतीस अंश. आणि दस्तगीरचाचा, वय चौपन्न, सकाळची फूक चारशे दहा.

या शेवटच्या आकड्यासाठीच ती वही होती.

गोष्ट सहा वर्षांपूर्वीची आहे. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन घरी बसले होते, पीएच.डी.च्या मुलाखतीचं पत्र यायचं होतं. कोल्हापुरात उद्यमनगरात पप्पांचं जुन्या गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज आहे. इंजिन आणि पत्र्याचं काम पप्पा बघायचे, रंगाचं काम दस्तगीर मुल्लाणी. सव्वीस वर्षं दोघं एकत्र होते. चाचा पप्पांना सगळ्यांसमोर ‘आंदा’ म्हणायचे, आणि गॅरेजमध्ये तसं म्हणणारे ते एकटेच.

ही गाडी बेळगावच्या निपाणकरांची. त्यांना तिला रुंद चाकं लावायची होती आणि रुंद चाकं मूळच्या कमानीत बसत नव्हती. म्हणून कमानीचा पत्रा चार बोटं कापून त्यावर बाहेर फुगलेली फायबरची कमान बसवायची, तेच फ्लेअर. ती पुण्याहून तयार आली होती, पण तयार म्हणजे नावालाच. एकही पत्र्याला नीट टेकेना. पप्पा आणि चाचांनी पाच दिवस घासून, गरम करून, खालून फायबरच्या चटईचे तुकडे रेझिनमध्ये भिजवून चिकटवत ती बसवली. फायबर आणि पत्रा जिथे भेटतात तिथे बोट फिरवलं तर सांधा लागता कामा नये, हा चाचांचा हट्ट. डोळे मिटून ते बोट फिरवायचे आणि लागला की पुन्हा पुट्टी, पुन्हा वॉटर पेपर. मी बाजूला उभी राहून किती वेळा ते मोजत होते. मागच्या डाव्या फ्लेअरला नऊ वेळा.

“मास्तरीणबाई, मोजून सांधा जाणार हाय का?” चाचा म्हणायचे. “मग जरा पाणी ओता.”

मास्तरीणबाई हे नाव मला रंगाची जाडी मोजायच्या यंत्रामुळे मिळालं. मुठीएवढं ते यंत्र मी पप्पांना आणायला लावलं होतं. रंगवलेल्या पत्र्यावर टेकवलं की रंगाचा थर किती मायक्रॉनचा आहे ते दाखवायचं. चाचांच्या हाताचा थर बॉनेटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चार मायक्रॉनच्या वर कधी बदलला नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, चार मायक्रॉन म्हणजे किती? केसाच्या विसाव्या भागाएवढं, असं मी म्हटलं. त्यांनी पप्पांना हाक मारून, माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं की ही पोरगी आता माझी केसं मोजालीय.

पण ते यंत्र लोखंडावरच चालतं. फ्लेअरवर टेकवलं की पडद्यावर चार आडव्या रेघा यायच्या. तिथे चाचांचं नाकच यंत्र. एक हात मारून झाला की ते थांबायचे, मास्क कपाळावर सरकवायचे, फ्लेअरपासून वीतभर अंतरावर नाक नेऊन वास घ्यायचे. थिनरचा वास गेला की दुसरा हात मारायचा. वास असताना मारला तर खाली अडकलेला थिनर नंतर फोड काढतो, आणि फायबरवर तो पत्र्यापेक्षा जास्त काढतो. मी स्टॉपवॉच लावून सांगितलं होतं की एकतीस अंशांना अकरा मिनिटं लागतात, वास घ्यायची गरज नाही. चाचांचं म्हणणं, घड्याळाला आभाळ आलंय का ऊन पडलंय ते कळत नाही.

चाचांचा खोकला रंगामुळे असावा हा संशय मला आला तो त्या नाकामुळे. हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. रंग कडक होतो तो त्याच्यामुळे. हवेत ते असलं तरी वास जवळजवळ येत नाही. चाचा ज्या वासाची वाट बघायचे तो थिनरचा. थिनर उडाला की त्यांच्या लेखी हवा स्वच्छ, आणि नेमकं तेव्हा ते मास्क काढून तोंड फ्लेअरजवळ न्यायचे. चाचांना दीड वर्षापासून खोकला होता. पप्पा म्हणायचे विडीचा आहे. चाचांनी विडी सोडली तरी राहिला, तर पप्पा म्हणाले, जुन्या विडीचा आहे. मी जुनी कामांची डायरी काढून बघितलं. खोकला हार्डनरच्या रंगाच्या दिवशी संध्याकाळी वाढायचा, आणि सोमवारच्या सुट्टीला, ईदेच्या चार दिवसांत, पप्पा आजारी होते त्या आठवड्यात कमी व्हायचा.

मीच त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉ. इनामदार तरुण होते, ऐकून घेणारे. त्यांनी डायरीतली माझी टिपणं दोनदा वाचली आणि चाचांना सांगितलं की बहुतेक रंगाचा दमा आहे. तसं असेल तर मास्क लावून, पंखा लावून भागणार नाही. एकदा शरीराने या रसायनाशी वैर धरलं की थोडंही पुरतं. गन कायमची खाली ठेवावी लागेल.

चाचा भिंतीवरच्या फुप्फुसाच्या चित्राकडे बघत होते. मग म्हणाले, “बहुतेक म्हणालासा न्हवं?”

डॉक्टर म्हणाले, बहुतेक.

“मग पक्कं होऊ दे. हातातली गाडी तवर हुईल.”

पक्कं करायचा मार्ग म्हणजे एक प्लास्टिकची नळी. एका टोकाला ओठ लावून जोरात फुंकायचं, बाजूच्या पट्टीवर काटा सरकतो, मिनिटाला किती लिटर वेगाने हवा बाहेर पडते ते कळतं. दिवसातून चार वेळा, प्रत्येक वेळी तीनदा फुंकायचं, तीनातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. काम असलेले आणि नसलेले मिळून चौदा दिवस. डॉक्टरांना हे काम चालू ठेवून करणं पसंत नव्हतं आणि त्यांनी ते तसं बोलूनही दाखवलं. चाचा ऐकेनात तेव्हा त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहून दिलं : अडीचशेच्या खाली गेल्यास काम लगेच बंद, थेट दवाखाना. मग नळी माझ्या हातात देऊन ती कशी वापरायची ते दाखवलं. निघताना मला म्हणाले की चौदा दिवसांची नोंद नीट झाली तर आपण ती छापायला पाठवू, तुमचं नाव घालून.

शनिवार हा बारावा दिवस होता.

बारा दिवसांत फुकांच्या आलेखाचा आकार मला पाठ झाला होता. सुट्टीला साडेचारशेच्या आसपास, रंगाच्या दिवशी संध्याकाळी सव्वातीनशे. खरं म्हणजे आठव्या दिवशीच शंका उरली नव्हती. मी ते चाचांना सांगितलं नाही, डॉक्टरांनाही कळवलं नाही. चौदा दिवस ठरले होते. मला चौदाही दिवसांचे ठिपके हवे होते.

त्या दिवशी चारही फ्लेअरला शेवटचा रंग मारायचा होता. बॉनेट, दारं, डिकी आदल्या दोन दिवसांत झाली होती. रंग निळसर राखाडी, त्यात चांदीसारखी बारीक भुकटी. असा रंग दोन माणसांच्या हातांनी मारता येत नाही. गन किती लांब धरली, हात किती जोरात फिरवला यावर भुकटीचे कण आडवे बसतात की उभे ते ठरतं, आणि तेवढ्याने छटा बदलते. एकाच डब्यातला रंग दोन माणसांनी मारला तर दोन रंग दिसतात. निपाणकर पाच वाजता येणार होते. रविवारी त्यांना गाडी बेळगावला न्यायची होती.

पुढची दोन फ्लेअर दीडपर्यंत झाली. जेवणाआधीची फूक तीनशे चाळीस. चाचांनी डबा उघडला, अर्धी भाकरी खाल्ली आणि उरलेली फडक्यात गुंडाळली. चाचीने शेंगदाण्याची चटणी दिली होती, ती मला खायला लावली. मी विचारलं, त्रास होतोय का? ते म्हणाले, आभाळ आलंय म्हणून जरा जड वाटतंय.

मागचं उजवं फ्लेअर तीन पंचवीसला झालं. चाचा प्लास्टिकचा पडदा सारून बाहेर आले आणि पिंपाला टेकून उभे राहिले. त्यांचे खांदे वर-खाली होत होते. बोलताना दर तीन-चार शब्दांनी थांबत होते. फुकेची वेळ पावणेचारची होती, पण मी नळी लगेच आणली.

पहिली फूक दोनशे तीस. दुसरी दोनशे चाळीस. तिसरी दोनशे तीस.

“किती?” चाचांनी विचारलं.

मी नळी त्यांच्यासमोर धरली. त्यांना आकडे वाचता यायचे. लाल पेनचं पान त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

“एकच राहिलंय,” ते म्हणाले.

मी म्हटलं, दवाखान्यात जायचं ठरलंय.

“ठरलंय. गेलं तर परत गन हातात देणार हायत का मला? न्हाई. मग हे शेवटचं.” ते थांबले, श्वास घेतला. “शिरोलीचा कोणतरी येऊन ह्या कोपऱ्यावर हात फिरवणार. आयुष्यभर तेवढंच दिसंल, दस्तगीरनं तीन केली, चौथं दुसऱ्यानं.”

“पप्पांना विचारते.”

“आंदाला कशाला? आंदा रडंल नुसता.” मग ते हसले. “अजून एक फुंकू दे की. दम खाऊन. हे आधीचं काय खरं न्हाई.”

मी नळीचा काटा शून्यावर आणला आणि त्यांच्या हातात दिली.

त्यांनी एक मिनिटभर दम खाल्ला. मग थोडं बाजूला वळले, ओठ लावले आणि फुंकले. काटा दोनशे ऐंशीवर होता.

“बघ,” ते म्हणाले.

मी वहीत लिहिलं : तीन चाळीस, दोनशे ऐंशी. चाचांनी मास्क चढवला आणि ते पडद्याआड गेले.

मी बाहेर स्टुलावर बसले. आलेखाच्या कागदावर ठिपका दिला. गनचा आवाज येत होता, कापड फाडल्यासारखा, लांब, मग थांबणं, मग पुन्हा. पहिला हात. मग शांतता, म्हणजे थिनर उडायची वाट. शेडच्या पलीकडे पप्पा कुणाशीतरी फोनवर सायलेन्सरबद्दल बोलत होते. दुसरा हात सुरू झाला आणि मध्येच थांबला. कॉम्प्रेसर चालूच होता. मी घड्याळ बघितलं, चार वाजून पाच मिनिटं. गन पुन्हा सुरू व्हायला हवी होती.

मी पडदा सारला. चाचा मागच्या चाकाजवळ जमिनीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे. मास्क गळ्यात होता. गन त्यांनी उभी, स्टँडवर नीट ठेवली होती, थेंब फ्लेअरवर पडू नये म्हणून. ओठांचा रंग बदललेला होता. मी हाक मारली तर त्यांनी वर बघितलं, पण बोलले नाहीत, फक्त एक बोट हलवलं, फ्लेअरकडे. अर्धं ओलं होतं.

पप्पांनी त्यांना पाठुंगळी घेतलं. पप्पांची उंची चाचांपेक्षा कमी, चाचांचे पाय जमिनीला घासत होते. व्हॅनमध्ये मी मागे त्यांचं डोकं धरून बसले. पप्पा सगळा रस्ता हॉर्न दाबून एकच वाक्य म्हणत होते, दस्तू, बास झालं आता, बास झालं. चार चोवीसला आम्ही दवाखान्यात पोचलो.

डॉ. इनामदार तेव्हा तिथे नव्हते. तातडीच्या विभागात एक तरुण डॉक्टर होत्या. त्यांनी लगेच प्राणवायू लावला, छातीला स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंनी ऐकलं, आणि कपाळाला आठी घालून पुन्हा ऐकलं. काय आजार आहे, त्यांनी विचारलं. पप्पांनी माझ्या हातातली वही घेऊन त्यांच्यापुढे उघडली. म्हणाले, “हितं सगळं लिवलंय बघा. माझ्या पोरीनं मिनटा-मिनटाचं लिवलंय.”

डॉक्टरांनी शेवटची ओळ वाचली. “तीन चाळीसला दोनशे ऐंशी?”

पप्पा म्हणाले, असेल तर असेल, ही चुकत नाही.

“मग पाऊण तासात दम्याने एवढं व्हायला नको. आणि छातीत शिट्टीही ऐकू येत नाहीये. हृदय असू शकतं.” त्यांनी परिचारिकेला ईसीजी लावायला सांगितला, रक्त काढायला सांगितलं, हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. त्या चुकल्या असं मला आजही वाटत नाही. त्यांच्यापुढे जो आकडा होता त्यावरून तोच निष्कर्ष निघत होता. आणि सगळ्यात जोराच्या झटक्यात शिट्टी वाजायलासुद्धा हवा उरत नाही, हे मला नंतर कळलं.

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार वाजले होते. मी पाण्याच्या मशीनजवळ उभी होते. चाची रिक्षाने आली. तिने पायात दोन वेगवेगळ्या चपला घातल्या होत्या. तिने मला विचारलं, हृदय म्हणालेत का गं? मी पाण्याचा ग्लास भरून तिच्या हातात दिला. पप्पा तिला सांगत होते की हृदयाचं आजकाल सगळं बरं होतं, त्यांच्या मेव्हण्याला दोन स्प्रिंगा घातल्यात, तो शेती करतो. पडद्यापलीकडे यंत्राचा कागद सरकल्याचा आवाज येत होता. मी पुन्हा घड्याळ बघितलं तेव्हा चार एकेचाळीस झाले होते.

मी आत गेले आणि डॉक्टरांना म्हटलं, “ते दोनशे ऐंशी खरं नाही.”

त्या ईसीजीचा कागद बघत होत्या. “म्हणजे?”

“तीन फुका दोनशे चाळीसच्या वर गेल्या नाहीत. ती चौथी आहे. आणि ती छातीतून नव्हती, गालातून होती.”

हे सांगायला मला तेवढी चारच वाक्यं लागली. बाकीचं मी नंतर डॉ. इनामदारांना सांगितलं. स्प्रे गनचं नोझल रंगाने तुंबलं की रंगारी ते काढून ओठांत धरतात आणि गाल फुगवून, जिभेने मागून ढकलून, एक आखूड तडाखेबंद फूक मारतात. थुंकल्यासारखी. सव्वीस वर्षं चाचा दिवसातून दहा वेळा ती मारत होते. त्या फुकेला फुप्फुसातली हवा लागत नाही, तोंडातली पुरते. नळी माझ्या हातात देताना डॉ. इनामदारांनी मला एवढी एकच गोष्ट दोनदा सांगितली होती, की गालातून फुंकलं तर काटा उगाच उडतो, तो आकडा धरायचा नाही. पिंपाजवळ चाचा बाजूला वळले तेव्हा त्यांचा डावा गाल माझ्यापासून हातभर अंतरावर होता. तो फुगलेला मी पाहिला होता.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. त्यांनी परिचारिकेला दुसरी औषधं सांगितली, एकामागून एक, आकड्यांसह, आणि मग मला बाहेर जायला सांगितलं. मी वळले तर पप्पा पडदा धरून उभे होते. त्यांनी ऐकलं होतं.

चाचा सहा दिवस श्वासाच्या यंत्रावर होते. अकरा दिवसांनी घरी गेले.

पप्पा माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी ताटाकडे बघत विचारलं, “दिसलं होतं तुला?”

“हो.”

त्यांनी भात कालवला, तसाच ठेवला आणि हात धुतले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

डॉ. इनामदारांनी मात्र विचारलं. रागाने नाही. चौथी का घेऊ दिलीत, म्हणाले. मी चाचांचं बोलणं सांगितलं, शिरोलीच्या माणसाचं, चौथ्या फ्लेअरचं. ते म्हणाले, “हे त्यांचं कारण झालं.” मी म्हटलं, नोंदीचे दोनच दिवस राहिले होते. त्यांनी मान हलवली आणि वही माझ्याकडे सरकवली. ती नोंद कुठेही छापायला गेली नाही. मला मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा मी पुण्याला गेले, निवड झाली, तिथेच राहिले.

मागच्या डाव्या फ्लेअरचा अर्धवट रंग पप्पांनी घासून काढला. शिरोलीहून एक माणूस बोलावला, त्याने चार तासांत काम केलं. निपाणकर आठ दिवस उशिरा आले, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चारही फ्लेअरवर हात फिरवला आणि म्हणाले, झकास.

चौदा महिन्यांनी दिवाळीत मी चाचांकडे गेले. बागल चौकाच्या मागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. चाचीकडे शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम असतं. चाचा खिडकीजवळ बसून शर्टांना काजं-बटणं करत होते. टाके इतके सारखे होते की मी नकळत मोजायला लागले. ते खूप बारीक झाले होते. रस्त्यावर कुणी घराला रंग देत असलं तरी खिडकी लावावी लागते, चाची म्हणाली. मग चहा ठेवायला आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत होती.

चाचांनी पप्पांची चौकशी केली, पुण्यातल्या पाण्याची केली. मग सुईत दोरा ओवताना विचारलं, “शेड जुळली का त्या कोपऱ्याची?”

मी म्हटलं, उन्हात, एका बाजूने वाकून बघितलं तर थोडी गडद दिसते.

“आणि सरळ उभं राहून?”

“सरळ उभं राहून कळत नाही.”

“मालकाला?”

“नाही कळलं.”

त्यांनी दोरा ओढून गाठ मारली, दातांनी तोडली. बटण बोटांनी दाबून बघितलं आणि शर्ट घडी करून ढिगावर ठेवला. दुसरा घेतला.

“तुला दिसलं हुतं म्हणं,” ते म्हणाले. “आंदा बोलला.”

“हो.”

“मला वाटलं, फसली मास्तरीण.” ते हसायला गेले आणि खोकला आला. तो थांबायला वेळ लागला. मी पाणी दिलं, ते त्यांनी बाजूला ठेवलं. “तू नको म्हणाली असतीस तर लई शिव्या घातल्या असत्या मी. आंदालाबी घातल्या असत्या. महिनाभर बोललो नसतो कुणाशी.”

“आणि मग?”

“मग काय. घरी आलो असतो त्या दिवशी चालत.”

मी पिशवीतून नळी काढली. डॉ. इनामदारांनी सांगितलं होतं की वर्षाची मोजणी राहिली आहे, चाचा दवाखान्यात यायचं टाळतात, तुम्ही जाताय तर घ्या. चाचांनी शर्ट मांडीवरून खाली ठेवला आणि काही न विचारता नळी हातात घेतली. मी त्यांना उभं राहायला सांगितलं. खिडकीच्या गजाला धरून ते उभे राहिले, माझ्याकडे तोंड करून. मी समोर उभी राहून त्यांचे गाल बघत होते.

त्यांनी तीनदा फुंकलं. प्रत्येक फुकेनंतर मी काटा शून्यावर आणला, आणि मध्ये त्यांना बसायला लागलं तेवढा वेळ थांबले.

एकशे साठ. एकशे सत्तर. एकशे साठ.

मी तारीख घातली, वेळ घातली, आणि एकशे सत्तर लिहिलं.